लहान मापातली रेल्वे आणि नाशिकचा लोहमार्ग-उद्योग : एक आढावा

रेल्वेच्या लहान मापातल्या प्रतिकृती करणे हा हौसेचा भाग समजला जातो, तर रेल्वेला इंजिने, पूल, मोटारी, सिग्नल आणि माणसे पुरवणाऱ्या उद्योगांचा इतिहास हा अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रांत समजला जातो. वस्तुतः ही दोन्ही कामे एकमेकांच्या फार जवळची आहेत, कारण प्रतिकृती करणाऱ्याला जी माहिती पदोपदी लागते, म्हणजे रुळांमधले नेमके अंतर, डब्याच्या छपराचा बाक, पुलाच्या गाळ्यांची लांबी, यार्डातल्या मार्गांची मांडणी, तीच माहिती उद्योगाच्या इतिहासकाराच्या हातून बहुधा निसटते; आणि इतिहासकाराला जे सहज दिसते, म्हणजे भांडवल, मजुरी, जात आणि संप, ते प्रतिकृतीच्या टेबलावर क्वचितच उतरते. या नात्याचा विचार करायला नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे, कारण इगतपुरी ते मनमाड या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात घाट, जंक्शन, पुलांचा कारखाना, कर्षण यंत्रांचा कारखाना, विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था, कांद्याचे मालधक्के आणि बंद पडलेली एक ट्राम असे लोहमार्ग-उद्योगाचे जवळजवळ सर्व प्रकार एकवटले आहेत.

प्रतिकृतींची चर्चा दोन शब्दांवाचून पुढे जात नाही. मूळ वस्तू किती पटीने लहान केली ते सांगणारे प्रमाण म्हणजे ‘स्केल’, आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे ‘गेज’. जर्मनीतील मेर्कलिन या खेळण्यांच्या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह वाढवत नेता येईल अशी खेळण्यातली रेल्वे मांडली, आणि रुळांची मापे ठरावीक असावीत ही कल्पना तेथून रुजली. पुढे इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० पासून गाड्या विकायला सुरुवात केली, अमेरिकेत १९३५ मध्ये हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन तिने चाके, रूळ व सांधे यांची प्रमाणमापे निश्चित केली, आणि जगभर १:८७ हे ‘एचओ’ नावाचे प्रमाण सर्वाधिक प्रचलित झाले. या प्रमाणात रुळांचे अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील प्रमाणित लोहमार्ग १,४३५ मिलिमीटरचा आहे आणि त्याला ८७ ने भागले की हाच आकडा येतो.

भारतीय हौशी माणसाची अडचण नेमकी येथे सुरू होते. भारताचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे १:८७ प्रमाणात त्याचे रूळ १९.३ मिलिमीटर अंतरावर हवेत. पण बाजारात मिळतात ते रूळ, चाके, सांधे आणि इंजिनांचे सांगाडे सगळे १६.५ मिलिमीटरचे. पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्याच्या जुन्या आराखड्याचा निळा किंवा तांबडा प्रवासी डबा ३,२४५ मिलिमीटर रुंद असतो. तो प्रमाणशीर करून बाजारी रुळांवर ठेवला, की रुळांच्या मानाने अंग फार रुंद दिसते, आणि ब्रॉडगेजच्या गाडीला जी बैठकीची भक्कम ठेवण असते तीच नाहीशी होते. यावर तीन उपाय संभवतात. रूळ हाताने घालावेत, किंवा अंग लहान करून १:१०० च्या आसपासचे प्रमाण स्वीकारावे, किंवा विसंगती मान्य करून पुढे जावे. बहुतेक जण तिसरा मार्ग पत्करतात आणि त्यात त्यांचा दोष नाही; पण इतिहासाचे साधन म्हणून प्रतिकृतीकडे पाहायचे असेल, तर गेज हा तडजोडीचा मुद्दा राहत नाही, कारण भारतातील रेल्वे-उद्योगाची निम्मी कहाणी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज यांच्या परस्परविरोधातून घडली आहे.

नाशिकच्या बाबतीत ही कहाणी थळ घाटापासून, म्हणजे आजच्या कसारा घाटापासून सुरू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘जीआयपी’ने, दख्खनच्या पठारावर चढण्यासाठी दोन वाटा धरल्या. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला, आणि त्यानंतर मुंबईपासून नाशिकमार्गे भुसावळपर्यंत सलग लोहमार्ग उपलब्ध झाला. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार थळ घाटात सुमारे १५ किलोमीटरमध्ये ९७२ फूट चढायचे होते, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट होता. घाटात १३ बोगदे आणि अनेक दगडी पूल बांधले गेले. त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे ५५ मीटर उंच असून ब्रिटिश आमदानीतील अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्याची चित्रे आवर्जून दिली जात.

हा घाट प्रतिकृतीत उतरवायचा ठरवले, तर मूळ कामाचा आवाका आकड्यांतून जसा कळतो तसा वर्णनातून कळत नाही. १:८७ प्रमाणात १५ किलोमीटरचा मार्ग १७२ मीटर भरतो, घाटाची चढण ३.४ मीटर, म्हणजे घराच्या तक्तपोशीच्याही वर जाते, आणि एकट्या एहेगावच्या पुलाची उंची ६३ सेंटिमीटर होते. वीस डब्यांची गाडी पाच मीटरपेक्षा लांब होते. एवढी जागा कोणाही हौशी माणसाकडे नसते, म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय करावा लागतो. आणि हा निर्णय करताना घाटाच्या रचनेतील प्रत्येक घटकाचे कार्य समजून घ्यावे लागते. उताराच्या मार्गाला बाजूने चढणीवर जाणारा आणि कोठेच न पोहोचणारा एक मार्ग जोडलेला असतो. त्याला कॅच साइडिंग म्हणतात, आणि ब्रेक निकामी झालेल्या गाडीचा वेग जिरवण्यासाठी तो असतो. नवख्याने नकाशावरून प्रतिकृती केली, तर निरुपयोगी वाटून तो हमखास गाळला जातो, आणि मग ज्या धोक्याभोवती घाटातील सर्व शिस्त उभी आहे तो धोकाच दिसेनासा होतो. चढणीवर गाडीच्या मागे लावण्यात येणाऱ्या जादा इंजिनांचेही तसेच आहे. त्यांना ‘बँकर’ म्हणतात, आणि कसाऱ्याला बँकर लागून इगतपुरीला सुटेपर्यंतची जी ठरावीक हालचाल आहे तीच इगतपुरी नावाच्या रेल्वे-गावाच्या जन्माचे कारण आहे. लोको शेड, रेल्वे वसाहत, दवाखाना आणि शाळा हे सारे त्या हालचालीच्या मागून आले.

विजेचे कर्षण आल्यावर इगतपुरीचे महत्त्व आणखी वाढले. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर पहिली विजेची गाडी धावली, आणि १९३० पर्यंत ही वीज दोन्ही घाट चढून गेली. घाटातील मालवाहतुकीसाठी स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्याने आखलेली इंजिने १९२८ पासून आणली गेली. दोन्ही टोकांना लांबट नाकाड, मध्ये चालकाची खोली आणि चाकांना बाहेरून जोडणारे दांडे अशी त्यांची ठेवण होती. स्वित्झर्लंडमध्ये या घराण्यातल्या इंजिनांना ‘क्रोकोडाइल’ म्हणत, आणि इकडे कामगारांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ पाडले. चालताना दांड्यांचा जो सळसळता आवाज होई त्याच्याशी या नावाचा संबंध जोडला जातो. उतारावर ही इंजिने मोटारींचे जनित्र करून वीज तारेत परत सोडत, म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला काही अंशी हातभार लावी. ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव मिरवणारे अशा जातीचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेले आहे. स्विस क्रोकोडाइलची प्रतिकृती पिढ्यानपिढ्या युरोपातील दुकानांत मानाने विकली गेली. तिच्याच आप्ताला, कसाऱ्याच्या खेकड्याला, तसा मान मिळाला नाही. घाटातली कामगिरी कमी होती म्हणून असे झालेले नाही. प्रतिकृतींचा बाजार ज्या देशात उभा राहिला त्या देशाच्या गाड्या त्याने जपल्या, एवढेच त्याचे कारण आहे.

इगतपुरीच्या पुढे भुसावळपर्यंत १९६० च्या दशकाच्या अखेरीस वीज आली, ती मात्र २५,००० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाची होती. त्यामुळे घाटाखाली एक प्रकारची वीज आणि घाटावर दुसऱ्या प्रकारची अशी स्थिती निर्माण झाली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात घाटातील वीज बदलेपर्यंत इगतपुरीला इंजिन बदलणे हा असंख्य गाड्यांचा नित्यक्रम होता. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या नाशिककरांच्या दोन-तीन पिढ्यांना हा थांबा तोंडपाठ होता. एखाद्या स्थानकाच्या प्रतिकृतीत पाच मीटरच्या फलाटावर संपूर्ण नाट्य घडवायचे असेल, तर इंजिन सुटणे, बाजूच्या मार्गावर जाणे, दुसरे इंजिन मागे येऊन जोडले जाणे ही इगतपुरीची हालचाल घाटातल्या बोगद्यांपेक्षा अधिक बोलकी ठरेल.

घाट हा सर्वांना ठाऊक असलेला विषय आहे. नाशिकची ट्राम तशी नाही. लोहमार्ग शहरापासून दूर गेल्यामुळे नाशिक रोडचे स्थानक आणि गोदाकाठचे शहर यांच्यामध्ये आठ-दहा किलोमीटरचे अंतर राहिले, आणि यात्रेकरूंनी गजबजलेला हा रस्ता जोडण्यासाठी १८८९ च्या सुमारास घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. ती मेन रोडवरील जुन्या नगरपालिका इमारतीपर्यंत येत असे. तिच्या रुळांचे अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. पुढे घोड्यांच्या जागी पेट्रोलचे इंजिन आले, आणि प्लेग, दुष्काळ व मोटारींची स्पर्धा यांत तोटा सोसत १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. या ट्रामशी ज्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याचे नाव जोडले जाते, त्यानेच पुढे १८९७ मध्ये याच गेजची बार्शी लाइट रेल्वे उभी केली, आणि तिच्यात एकेका आसावरचा भार पाच टनांच्या मर्यादेत ठेवून अरुंद मार्गावरही मोठे डबे सुखाने धावू शकतात हे जगाला दाखवून दिले. १९०४ मध्ये इंग्लंडातील लीक अँड मॅनिफोल्ड हा छोटा मार्ग त्याने बार्शीच्याच धर्तीवर बांधला. तो मार्ग तीस वर्षेच चालला, तरी इंग्रज प्रतिकृतीकारांचा तो आजही लाडका आहे. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर सिद्ध झालेली रचना इंग्लंडच्या वाटेने छंदाच्या जगात पोहोचली, आणि बार्शी व नाशिक मागे राहिले.

येथे मापांचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ७६२ ला ८७ ने भागले की ८.८ मिलिमीटर येतात, आणि बाजारात ‘एन’ या लहान प्रमाणासाठी ९ मिलिमीटरचे रूळ, सांधे व मोटारी सर्वत्र मिळतात. म्हणजे ब्रॉडगेज काटेकोर करायला जिथे रूळ हाताने घालावे लागतात, तिथे नाशिकची ट्राम, बार्शी लाइट आणि कुर्डुवाडीचा तिचा कारखाना हे तयार सामानावर जवळजवळ अचूक होऊ शकतात. जागाही थोडी लागते, वळणे अरुंद असतात, गाडी दोन डब्यांची असते. महाराष्ट्रात प्रतिकृतींच्या छंदाला इतिहासाची जोड द्यायची, तर सुरुवात घाटाने करण्यापेक्षा ट्रामने करणे शहाणपणाचे आहे, असे या मापांवरून म्हणता येते. त्यासाठी लागणारी माहिती मात्र दुकानात मिळणार नाही. ती नगरपालिकेच्या जुन्या कागदपत्रांतून, रस्ता रुंदीकरणाच्या नकाशांतून आणि जुन्या छायाचित्रांतून वेचावी लागेल, आणि रस्त्याच्या प्रत्येक नव्या थराबरोबर तिचा प्रत्यक्ष पुरावा अधिक खोल गाडला जात आहे.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मनमाड आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर मुंबईहून ईशान्येला आणि आग्नेयेला जाणाऱ्या जीआयपीच्या दोन शाखा येथे जोडल्या गेल्या, आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग येऊन मिळाला. दोन गेज जेथे भेटतात तेथे माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हातांनी हलवावा लागतो, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी औरंगाबादपर्यंतचा मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत कापूस, धान्य, सिमेंट अशा कितीतरी मालाचा हा हमालीचा टप्पा मनमाडच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. एका फलाटाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ, दोन्ही बाजूंच्या वाघिणींचे तळ एका पातळीत यावेत म्हणून राखलेली फलाटाची उंची आणि मध्ये पाठीवर पोती घेतलेली माणसे, अशी ही मांडणी असे.

मनमाडचा दुसरा आधार म्हणजे १९०६ मध्ये स्थापन झालेला पुलांचा कारखाना. पोलादी पत्रे व कोन कापून, भोके पाडून आणि रिव्हेटांनी जोडून पुलांचे गर्डर येथे तयार होत आणि लोहमार्गानेच जागेवर जात. रिव्हेट म्हणजे तापवून लाल केलेली, भोकातून घालून दुसऱ्या टोकाला हातोड्याने चेपलेली खिळी. ती निवली की आकसते आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरते. वेल्डिंग आल्यानंतर रिव्हेटांच्या रांगा कमी होत गेल्या, तरी जुन्या पुलाकडे पाहून त्याचे वय ओळखायचे असेल तर या रांगाच आधी पाहाव्या लागतात. त्यांचे अंतर, त्यांचे दुहेरीपण, सांध्यापाशी त्यांची वाढलेली दाटी हे सारे भार कोठून कसा वाहतो त्याचा हिशेब असतो. १:८७ प्रमाणात रिव्हेटाचे डोके अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. पत्र्याच्या मागून बोथट सुईने एकेक टिंब दाबून ते उठवावे लागते. अशा रांगा जो उठवतो त्याला कारखान्याच्या रेखाचित्रावरील प्रत्येक टिंबाचे कारण शोधावे लागते, आणि प्रतिकृती करणे ही संशोधनाची पद्धत कशी ठरू शकते याचे याहून नेमके उदाहरण देणे कठीण आहे.

नाशिक रोड हे या पट्ट्याचे मधले आणि आज सर्वांत बदलते केंद्र आहे. एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्राच्या शेजारी १९८१ मध्ये मध्य रेल्वेचा कर्षण यंत्र कारखाना उभा राहिला, आणि विजेच्या इंजिनांच्या मोटारी येथे पूर्ण उलगडून पुन्हा सिद्ध होऊ लागल्या. जुन्या धाटणीच्या कर्षण मोटारीत फिरणारा आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बनचे ब्रश असतात. तिची दुरुस्ती म्हणजे जुनी वेटोळी काढणे, नवी गुंडाळणे, निर्वातात वॉर्निश मुरवणे, भट्टीत भाजणे, तोल साधणे आणि भार देऊन पाहणे. प्रतिकृतीच्या इंजिनातील १२ व्होल्टची, अंगठ्याच्या पेराएवढी मोटार याच कुळातली आहे. तिच्यातही कम्युटेटर असतो, ब्रश झिजतात आणि काजळी साचली की गाडी अडखळते. मोठ्या इंजिनांत आता ब्रश नसलेल्या त्रिकला मोटारी आल्या आहेत, आणि वेटोळी गुंडाळण्याचे ते हातचे कसब हळूहळू कारखान्याबाहेर चालले आहे. १९८८ मध्ये नाशिक रोडलाच स्थापन झालेल्या भारतीय रेल्वे विद्युत अभियांत्रिकी संस्थेत देशभरच्या विद्युत शाखेच्या रेल्वे अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळते, त्यामुळे या गावात दुरुस्ती आणि शिक्षण ही दोन्ही अंगे शेजारी नांदतात.

रेल्वेला लागून असलेला आणि वरकरणी रेल्वेशी संबंध नसलेला आणखी एक उद्योग येथे विसरता येत नाही. १९२५ मध्ये नाशिक रोडला स्थापन झालेल्या सिक्युरिटी प्रेसने देशाची टपाल तिकिटे छापली, आणि त्यांतून रेल्वेचे सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान चित्र घराघरांत गेले. १९३७ च्या सहाव्या जॉर्जच्या मालिकेत चार आण्यांच्या तिकिटावर टपाल नेणारी आगगाडी होती; १६ एप्रिल १९५३ रोजी रेल्वेच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या दोन आण्यांच्या तिकिटावर १८५३ चे आणि १९५३ चे अशी दोन इंजिने होती; आणि १९७६ मध्ये चार इंजिनांची मालिका निघाली तिच्यात जीआयपीचे पहिले इंजिनही होते. तिकिटे गोळा करणारी जी मुले पुढे रेल्वेची वेडी झाली, त्यांची या इंजिनांशी पहिली ओळख बहुधा नाशिक रोडच्या शाईतूनच झाली असेल.

प्रतिकृतींचा सरकारी उपयोग मात्र हौसेपेक्षा पुष्कळ गंभीरपणे चालत आला आहे. स्टेशन मास्तर, गार्ड आणि सांधेवाले घडवणाऱ्या भुसावळसारख्या प्रशिक्षण संस्थांत ‘मॉडेल रूम’ असते; तेथे लहान गाड्या लहान रुळांवर धावतात, पण सिग्नलच्या तरफा आणि ब्लॉक उपकरणे खऱ्या मापाची आणि खरी असतात. दोन स्थानकांमधल्या मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी हे पाहणाऱ्या यंत्राला ब्लॉक उपकरण म्हणतात. दुहेरी मार्गावरील त्याच्या काट्याच्या तीन अवस्था असतात : लाइन बंद, लाइन क्लिअर आणि ट्रेन ऑन लाइन. पुढच्या स्थानकाने घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी संमती देऊन काटा फिरवल्याशिवाय मागच्या स्थानकाचा शेवटचा सिग्नल उतरत नाही. एकेरी मार्गावर हीच संमती धातूच्या गोळ्याच्या रूपाने मिळते. पुढच्या स्थानकाच्या संमतीखेरीज उपकरणातून गोळा बाहेरच पडत नाही, आणि चालकाच्या हाती गोळा आल्याशिवाय गाडी हलत नाही. मॉडेल रूममध्ये शिकाऊ उमेदवार जाणीवपूर्वक चुका करून पाहू शकतो, आणि खऱ्या मार्गावर ज्या चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली असती ती येथे एका घंटेत उमगते. प्रतिकृतीचा याहून मोठा उपयोग दुसरा नाही.

हौसेच्या बाजूने महाराष्ट्रातील सर्वांत मोठे काम पुण्यात झाले. कोथरूडमध्ये बी. एस. जोशी, म्हणजे भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले; तेथे १:८७ प्रमाणातल्या गाड्या एका आखीव शहरातून धावतात, आणि दोराने ओढलेली डोंगररेल्वे, उड्डाणपूल व सर्कस अशी अनेक अंगे त्यात आहेत. या संग्रहालयाने कित्येक मराठी मुलांना यंत्राची गोडी लावली, आणि हे ऋण मान्य करूनच असे म्हणावे लागते, की त्यातले शहर काल्पनिक आहे आणि गाड्या पुष्कळशा परदेशी. कसारा घाट, मनमाडचे यार्ड किंवा निफाडचा मालधक्का यांसारख्या ओळखीच्या जागांचे काम पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

हे काम न होण्याचे कारण हाताच्या कसबाच्या अभावात शोधता येत नाही. गणेशोत्सवात गल्लोगल्ली उभे राहणारे हलते देखावे, म्हणजे शिलाई यंत्राच्या किंवा पंख्याच्या मोटारीवर फिरणाऱ्या मूर्ती, वाहणारे पाणी, उघडझाप करणारे दरवाजे, हे सुतार, वायरमन आणि फिटर मंडळींनी मिळून केलेले प्रतिकृतीकामच असते. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना तटबंदी, चढण आणि वाट यांचे भान आपोआप येते. नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत सूक्ष्म मापांत धातू कापणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे मुबलक आहेत. अडचण आहे ती रूळ, चाके आणि मोटारी या तयार सामानाची. स्वातंत्र्योत्तर काळातील आयात परवान्यांनी हे सामान दुर्मिळ केले, आणि अलीकडे खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू योग्य असला, तरी प्रौढ हौशी माणसाचे काटेकोर प्रमाणमापातले इंजिन आणि तीन वर्षांच्या मुलाची प्लास्टिकची गाडी यांना एकाच तागडीत तोलल्याने प्रतिकृतीचा छंद श्रीमंतांपुरता उरला. ९ मिलिमीटरचे रूळ देशात पाडणे ही सातपूरच्या एखाद्या लहान कारखान्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे, आणि ती झाली तर ब्रॉडगेजसाठी १९.३ मिलिमीटरचे रूळ पाडण्यातही यंत्राच्या दृष्टीने काही वेगळे नाही.

आता या छंदाची खरी मर्यादा पाहिली पाहिजे. प्रतिकृतीतल्या यार्डात इंजिने झळाळतात, पण माणसे चार-दोनच असतात आणि तीही फलाटावर उभी. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडलाच जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यासमोर भाषण केले. कामगारांचे दोन शत्रू म्हणजे ब्राह्मण्य आणि भांडवलशाही, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली. रेल्वेत अस्पृश्य माणूस रूळ राखणारा गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, पोर्टरच्या कामात स्टेशन मास्तरांच्या घरची सेवा करावी लागत असल्याने ते कामही त्याला मिळत नाही, आणि कारखान्यात वरच्या कुशल जागा त्याच्यासाठी बंद असतात, असे तेथे तपशीलवार मांडले गेले. कोणत्या रुळावर कोणत्या जातीचा माणूस उभा राहू शकतो, हे सिग्नलच्या नियमांइतकेच पक्के होते. प्रतिकृतीकाराने मनमाडचे १९३८ सालचे यार्ड केले आणि त्यात हे दाखवले नाही, तर रिव्हेटांची प्रत्येक रांग बरोबर असूनही ते यार्ड चुकीचे ठरेल. घाटाचेही तसेच आहे. बोरघाटात १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांहून अधिक मजूर एका वेळी काम करत होते असे सांगितले जाते, पटकी आणि तापाने त्यांतील किती गेले याची नीट मोजदाद झाली नाही, आणि थळ घाटाची परिस्थिती त्याहून फारशी निराळी नव्हती. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात इगतपुरी, मनमाड आणि भुसावळच्या वसाहती ज्या तणावातून गेल्या, तो काळही अजून आठवणींच्याच रूपात आहे.

यावर उपाय प्रतिकृतीच्या आतच आहे. १:८७ प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे घमेले, सब्बल किंवा पोते नेमके दाखवता येईल इतका मोठा. गँगमनांची टोळी कशी उभी राहते, रूळ उचलताना सब्बली कोणत्या बाजूने लावतात, चावीवाला रुळांच्या चाव्या ठोकत आपल्या हद्दीतून कसा चालत जातो, पोत्याखालचा हमाल पाठ कशी वाकवतो, हे सारे रेखाचित्रात नसते आणि हयात निवृत्त कामगारांना मात्र अजून हातवारे करून दाखवता येते. कांद्याच्या मालधक्क्याचेही असेच आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा तिची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. पण लासलगाव, निफाड, खेरवाडी येथे पिढ्यानपिढ्या गोणी भरणारे, शिवणारे आणि थप्पी लावणारे हात, थप्पीत हवा खेळती राहावी म्हणून सोडलेल्या फटी आणि वाघिणीच्या दारापाशी टाकलेली फळी यांची मापे कोणी घेतलेली दिसत नाहीत.

या सर्वांचा विचार करता नाशिकमध्ये पहिली प्रतिकृती मनमाडच्या गेज-बदलाच्या फलाटाची व्हावी आणि तिच्या जोडीला नाशिकच्या ट्रामची, असे सुचवावेसे वाटते. फलाटाची लांबी पंधरा-वीस वाघिणींपुरती घेतली तरी पुरे. एका बाजूला हाताने घातलेले १९.३ मिलिमीटरचे रूळ, दुसऱ्या बाजूला मीटरगेजसाठी ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या १२ मिलिमीटरच्या रुळांना अगदी जवळचे, मध्ये फलाट, आणि त्यावर किमान चाळीस माणसे, कारण एक वाघीण रिकामी व्हायला तितके हात लागत नसले तरी एका रेकचे, म्हणजे पूर्ण मालगाडीचे, काम वेळेत उरकायला तितके लागत. कामाची सुरुवात जुन्या हमालांच्या आणि गुड्स क्लार्कांच्या मुलाखतींनी व फलाटाच्या पायाच्या मोजमापाने करावी लागेल. रूळ कापणे त्यानंतरचे.